अडखळणारं मूल आणि ऐकणाऱ्या बाई

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी वणीचा. दिंडोरी तालुक्यातलं हे आमचं गाव सप्तशृंगी गडामुळे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. चैत्रात आणि नवरात्रात आमचं एसटी स्टँड माणसांनी फुलून जातं. त्याच स्टँडवर माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत घडलेल्या एका गोष्टीपासून आजचं बोलणं सुरू करतो. त्याला विचारूनच सांगतो आहे.

पंचवीसेक वर्षं झाली असतील. आमची अम्मी नाशिकला दवाखान्यात होती. मी तिच्याजवळ बसलो होतो आणि भाऊ सकाळच्या गाडीनं घरचा डबा घेऊन येणार होता. नऊ वाजले, दहा वाजले, बारा वाजले. तो आला तेव्हा दुपार कलली होती. डब्यातली भाजी आंबली होती. मी त्याच्यावर भडकलो. तो मान खाली घालून एवढंच म्हणाला, "भाई, गाडीत डोळा लागला."

खरं काय झालं ते त्यानं अम्मी गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी सांगितलं. स्टँडवर यात्रेची गर्दी होती. समोर गाडी लागली. पाटीवर त्यानं 'ना' पाहिलं आणि चढला. गाडी नाशिकची नव्हती, नांदुरीची होती. कंडक्टर तिकीट फाडत त्याच्यापर्यंत येईतो गाडी गडाच्या वाटेनं बरीच पुढे गेली होती. तो आडवाटेला उतरला आणि डबा हातात घेऊन उन्हातून चालत परत आला. "कुणाला विचारलं का नाहीस?" मी म्हणालो. तो म्हणाला, "भाई, अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. विचारलं असतं तर लोक म्हणाले असते, वाचता येत नाही का?"

माझा भाऊ गवंडी आहे. ओळंबा लावून भिंत अशी उभी करतो की पाहत राहावं. हिशेब तोंडी करतो, विटा, सिमेंट, वाळू, मजुरी, सगळं. त्याला कुणी अडाणी म्हटलं तर मला राग येईल. आणि तो निरक्षरही नाही. 'ना' त्याला येतं. 'का', 'म', 'स' येतात. पहिल्या अक्षरापर्यंत तो पोचला आणि तिथंच थांबला. त्याच्या पुढे त्याला कुणी नेलं नाही. शाळेत चार वर्षं जाऊनसुद्धा नाही.

आम्ही दोघं एकाच शाळेत होतो. मी पुढे बीए झालो, मराठीत कविता लिहू लागलो. 'मुसलमान असून मराठीत कसं लिहिता?' असं लोक मला विचारतात. पण एकाच घरातल्या, एकाच शाळेतल्या दोन भावांपैकी एकाला वाचता आलं आणि दुसऱ्याला का नाही, हे मला कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला फार उशिरा विचारलं.

आमच्या वेळी वर्गात साठ-साठ मुलं. सकाळी पाढे, मग बाराखडी. 'क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि...' सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा. माझा भाऊ त्यात सगळ्यात मोठ्यानं म्हणायचा. पण फळ्यावरचं एखादं अक्षर मधूनच विचारलं की गप्प. मग छडी. मग 'ढ'. दुसरीत दोनदा बसला, आणि एके दिवशी दप्तर घरात टाकून एका मिस्त्रीच्या हाताखाली गेला. आमच्या गुरुजींना मी दोष देत नाही. ते पहाटे उठून शेतीचं बघून, सायकल मारत शाळेला वेळेवर येणारे गृहस्थ होते. मूल वाचताना अडतं तेव्हा नेमकं कुठं अडतं, हे कसं ओळखायचं ते त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

'ढ' वरून आठवलं. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत जवळपास न बदललेलं अक्षर म्हणजे ढ, म्हणून ज्या मुलात फरक पडत नाही त्याला ढ म्हणायचं, असं सांगतात. मला वाटतं, या हिशेबानं ढ आम्ही मोठी माणसं ठरतो. शिकवायची तीच रीत धरून बसलो.

बोलणं मूल आईच्या मांडीवर शिकतं. वाचणं तसं नाही. ते माणसानं केलेलं कसब आहे, आणि कसब दाखवावं लागतं. आपण अभिमानानं म्हणतो, मराठी जशी बोलतो तशी लिहितो. बरंचसं खरं आहे. पण एकदा सहा वर्षांच्या मुलाच्या जागी बसून पाहा. 'कि' मध्ये वेलांटी आधी दिसते आणि उच्चार मागून येतो. 'सरबत' या शब्दात अक्षरं चार, पण बोलताना आपण 'सर्बत' म्हणतो. 'चमचा' मधला च वेगळा, 'चहा' मधला च वेगळा, लिहायचा मात्र एकसारखाच. 'र' तर बहुरूपी आहे. कर्म, क्रम, ट्रक, दऱ्या या चारही शब्दांत तो वेगवेगळ्या रूपात भेटतो. घ आणि ध, भ आणि म यांच्यात एका वळणाचा फरक. चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली तर चारशेच्या वर चिन्हं होतात. जोडाक्षरं निराळीच. कन्नड लिपी शिकणाऱ्या मुलांचा सोनाली नाग यांनी अभ्यास केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्यासारख्या लिप्यांची अक्षरं पक्की व्हायला इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांपेक्षा कितीतरी जास्त काळ लागतो, चौथीपर्यंतसुद्धा मुलं ती शिकतच असतात, असं त्यातून दिसलं. आणि आपण पहिलीच्या दिवाळीपर्यंत मुळाक्षरं उरकतो.

आता माझ्या भावाच्या नातीची गोष्ट सांगतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत होती, अक्षरं गिरवत होती. पुढची दोन वर्षं घरातल्या एका मोबाइलवर निघाली, तोही बापाबरोबर कामावर जायचा. जून २०२२ मध्ये शाळा नेहमीसारखी भरली तेव्हा ती चौथीत बसली. पुस्तक चौथीचं, वाचणं पहिलीचं. भाऊ मला म्हणाला, "भाई, ही माझ्यावर गेली." त्याच्या बोलण्यात जी भीती होती ती मला झोपू देईना. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो.

वर्गावर एक तरुण बाई होत्या. मी गेलो तेव्हा त्या खुर्चीवर नव्हत्या, खाली सतरंजीवर एका मुलाच्या शेजारी बसल्या होत्या. मूल एका कागदावरून वाचत होतं आणि बाई वहीत काहीतरी टिपत होत्या. मध्ये बोलत नव्हत्या. मूल अडलं तरी लगेच सांगत नव्हत्या. मला म्हणाल्या, "काका, जरा थांबा, एवढ्या चौघांचं ऐकून घेते." मग मीही मागे बसून ऐकू लागलो.

कागदावर एक साधं वाक्य होतं : 'बाळ पाणी पितं.' पहिल्या मुलीनं वाचलं, 'बाल पानी पितं.' दुसऱ्यानं वाचलं, 'बळ... पण... पत...' तिसऱ्यानं चित्राकडे पाहिलं आणि धडाधड म्हणाला, 'बाळ दूध पितं.' चौथीनं एकेक अक्षर लावत सगळं वाक्य बरोबर वाचलं. बाईंनी विचारलं, "कोण पाणी पितं गं?" ती नुसती बघत राहिली.

श्रोतेहो, आमच्या वेळी या चौघांपैकी पहिल्या तिघांना छडी मिळाली असती आणि चौथीला शाबासकी. बाई म्हणाल्या, "चौघांची अडचण चार तऱ्हेची आहे. पहिलीला वाचता येतं. ती घरी हिंदी-उर्दू बोलते, तिच्या घरच्या बोलण्यात ळ आणि ण येत नाहीत, म्हणून ती तिच्या बोलीत वाचते. तिला वाचन शिकवायचं नाही, दोन नवे आवाज ऐकवायचे आहेत. दुसऱ्याला अक्षरं येतात, काना-मात्रा येत नाहीत. तिसरा पहिलं अक्षर आणि चित्र पाहून अंदाज करतो. त्याला शब्दाच्या शेवटापर्यंत न्यायचं आहे. चौथीची सगळी ताकद अक्षरं जुळवण्यात जाते, अर्थापर्यंत पोचेतो ती दमते. तिला सोप्या गोष्टी पुन्हा पुन्हा वाचायला द्यायच्या, आणि त्यावर गप्पा मारायच्या."

ती पहिली मुलगी म्हणजे आमची नात नव्हती. आमची नात चौथी. आणि तिसरा मुलगा पाहताना मला एसटी स्टँडवरचा माझा भाऊ दिसला. 'ना' पाहून गाडीत चढलेला.

आणखी एक गंमत बाईंनी सांगितली. एका धड्यात 'दादा' होता, चित्रात दहा-बारा वर्षांचा मुलगा. आमची नात काही केल्या ते कबूल करेना. आमच्या घरात दादा म्हणजे बापाचे वडील. दाढी पिकलेला माणूस. बाईंनी चिडण्याऐवजी तिला विचारलं, "तुझ्या घरी दादा कोण?" आणि कोडं सुटलं. वर्गात कोकणा घरांतली मुलं होती, द्राक्षबागांत कामाला आलेल्यांची होती. प्रत्येकाच्या घरची बोली वेगळी. बाईंनी फळ्यावर एक रकाना केला, घरात काय म्हणतात आणि पुस्तकात काय लिहितात. मुलं हसत हसत भरत होती. पन्नास वर्षांपूर्वी आमच्या वर्गात असा एक रकाना असता तर, असं मनात आलं.

मी बाईंना विचारलं, "हे सगळं तुम्ही कुठं शिकलात?" त्या हसल्या. म्हणाल्या, "पहिल्या प्रशिक्षणात नाही." त्यांचं पहिलं प्रशिक्षण एका मोठ्या सभागृहात झालं होतं. शेकडो शिक्षक, पडद्यावर अक्षरं, दुपारी जेवण, शेवटी सह्या. परत आल्यावर वर्ग तोच, पुस्तक तेच, संपवायचे धडे तेवढेच. दुसऱ्या वेळी मात्र वेगळं झालं. तीस मुलांचं वाचन प्रत्यक्ष ऐकून टिपून आणा, असं त्यांना सांगितलं गेलं. त्या टिपणांवर केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चा झाली. नंतर केंद्रप्रमुख दर पंधरा दिवसांनी वर्गात येऊन मागे बसले. रजिस्टर पाहायला नव्हे, मुलांचं ऐकायला. "आणि रोजचा एक तास त्यांनी मोकळा करून दिला," बाई म्हणाल्या. "त्या तासाला इयत्ता नाही. तिसरी, चौथी, पाचवीची मुलं एकत्र. ज्याला अक्षरं येत नाहीत तो एका गटात, शब्द वाचणारा दुसऱ्या, गोष्ट वाचणारा तिसऱ्या."

हे ऐकून मी घरी आलो आणि या विषयावर जे मिळेल ते वाचायला लागलो. तेव्हा कळलं की आपल्या महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांच्या दारापर्यंत शाळा नेली ती याच समजुतीनं, की मूल जिथं आहे तिथून सुरुवात करायची. फलटणला मॅक्सिन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाविदुषी आल्या, इथल्याच झाल्या. शाळेत जाऊनही वाचता न येणारी गरीब वस्तीतली मुलं पाहून त्यांनी शिकवायला सुरुवात केली. त्यातून १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन उभं राहिलं. आधी सगळी मुळाक्षरं आणि मग सगळी बाराखडी, असं न करता थोडी अक्षरं आणि एखादं स्वरचिन्ह बरोबरच शिकवायचं, म्हणजे चार दिवसांत मूल अर्थ असलेला शब्द वाचतं, ही त्यांची रीत. ज्याला पहिल्याच आठवड्यात आपण वाचलेला शब्द समजला, ते मूल वाचनाला पाठ दाखवत नाही.

पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यात सोनाळे इथं नीलेश निमकर यांची 'क्वेस्ट' ही संस्था २००७ पासून शिक्षकांबरोबर काम करते. वाड्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली ते तिसरीच्या मुलांच्या वाचनाचा काही वर्षं मागोवा घेतला. वर्गात अक्षरं गिरवण्यात आणि फळ्यावरचं उतरवून घेण्यात बराच वेळ जातो, आणि वाचलेल्याचा अर्थ, त्यावर बोलणं, याला फार थोडी जागा उरते, असं त्यांना दिसलं. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे या विस्तार अधिकारी बाईंनी शिक्षकांना हाताशी धरून शाळा बदलल्या, तेव्हा राज्यभरातले शिक्षक गाड्या करून ते वर्ग पाहायला गेले. शिक्षक दुसऱ्या शिक्षकाचा वर्ग डोळ्यांनी पाहून जे शिकतो, ते भाषण ऐकून शिकत नाही.

आणि 'प्रथम'. नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुरू झालेली ही संस्था. २००५ पासून तिच्या पुढाकारानं 'असर' नावाची पाहणी होते. गावोगावच्या घरांत जाऊन मुलाच्या हातात एक कागद द्यायचा : अक्षरं, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. मूल कुठपर्यंत पोचतं ते पाहायचं. देशातल्या खेड्यांत पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये निम्म्याहून किंचित जास्त होती. शाळाबंदीनंतर २०२२ मध्ये ती शंभरात त्रेचाळीसच्या आसपास आली. २०२४ मध्ये आकडा पुन्हा निम्म्याच्या जवळ गेला. म्हणजे माझा भाऊ एकटा नाही. पाचवीच्या प्रत्येक दोन मुलांमागे एक अजून 'ना' पाहून गाडीत चढतं आहे.

मग उपाय काय? शिक्षकांना प्रशिक्षण द्या, असं आपण सगळेच पटकन म्हणतो. इथं मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली. 'प्रथम'च्या या पातळीनुसार शिकवण्याच्या पद्धतीची अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं तपासणी केली. या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. २००८ ते २०१० या काळात बिहार आणि उत्तराखंडमध्ये सरकारी शिक्षकांना या पद्धतीचं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं. शाळेच्या नेहमीच्या वर्गांत मुलांच्या वाचनात काही फरक पडला नाही. बिहारमध्ये मात्र तेच सरकारी शिक्षक उन्हाळी वर्गात ही पद्धत वापरत होते तेव्हा मुलं पुढे गेली. शिक्षक तेच, प्रशिक्षण तेच. मग नेहमीच्या वर्गात काय झालं? तिथं पुस्तक संपवायचं ओझं होतं. शिकलेलं वापरायला जागाच नव्हती. पुढे हरियाणात २०१२-१३ मध्ये ही चूक सुधारली. शाळेच्या वेळापत्रकात त्यासाठी वेगळा तास ठेवला. त्या तासाला मुलांचे गट पातळीप्रमाणे केले. आणि जे अधिकारी शाळांवर देखरेख करणार होते, त्यांनी आधी स्वतः काही दिवस मुलांना या पद्धतीनं शिकवून पाहिलं. यावेळी मुलांच्या वाचनात सुधारणा झाली.

आमच्या वणीच्या बाईंनी हे संशोधन वाचलं असेल-नसेल. पण त्यांनी मला जे तीन वाक्यांत सांगितलं तेच यात आहे. मुलाची चूक ऐकायला शिकवा, शिकलेलं वापरायला रोजचा तास द्या, आणि शिकवणाऱ्याच्या पाठीशी पुन्हा पुन्हा येऊन बसणारं कुणीतरी द्या. यातलं एक जरी गळलं तरी प्रशिक्षण म्हणजे जेवण आणि सही.

इथं शिक्षकांची बाजू मांडली नाही तर अन्याय होईल. खेड्यापाड्यांत दोन शिक्षक चार-पाच इयत्ता सांभाळतात. जनगणना, निवडणूक, आपत्तीची कामं तर कायद्यानंच त्यांच्याकडे आहेत, आणि मोबाइलवर भरायची माहिती संपता संपत नाही. आमच्या बाई म्हणाल्या, "काका, मुलाचं वाचन ऐकायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कुठून काढू, एवढंच मला सांगा." हा प्रश्न मी आज तुमच्यामार्फत वरपर्यंत पोचवतो आहे. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' जाहीर केलं. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, त्यासाठी २०२६-२७ ची मुदत धरली. त्याआधी २०१५ मध्ये आपल्या राज्यानं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा निर्णय काढला होता. उद्दिष्टं चांगली आहेत. पण उद्दिष्टाच्या तक्त्यात टिकमार्क करण्याच्या घाईत मुलाचं ऐकायचं राहून गेलं, तर तक्ता भरेल, मूल रिकामं राहील.

आणखी एक गोष्ट जपून सांगायला हवी. काही मुलांची अडचण वेगळी असते. हुशारी असते, डोळे-कान ठीक असतात, शिकवणारं चांगलं असतं, तरी अक्षरं हाताला लागत नाहीत. याला डिस्लेक्सिया म्हणतात. 'तारे जमीं पर' हा चित्रपट २००७ मध्ये आला तेव्हा अनेकांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्यात महाराष्ट्र १९९६ पासून पुढे आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अध्ययन अक्षमता आली आहे. सवलत हवीच. पण दाखला मिळवायला खेड्यातल्या बापाला मजुरी बुडवून किती खेपा घालाव्या लागतात, ते आम्ही पाहतो. म्हणून दाखला येईपर्यंत शिक्षकानं थांबू नये. निदान करणं हे त्यांचं काम नाही. पण सावकाश, अक्षर आणि आवाज जोडत, डोळ्यांनी, बोटांनी, तोंडानं पुन्हा पुन्हा शिकवणं हे डिस्लेक्सिया असलेल्या मुलाच्या कामाचं आहे, आणि नसलेल्याच्याही. माझ्या भावाला डिस्लेक्सिया होता की नुसतं दुर्लक्ष, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. त्याला कुणी शेजारी बसवून ऐकलं असतं तर ते तेव्हाच कळलं असतं.

आपण शिक्षक नाही, आपण काय करणार, असं ऐकणाऱ्यांना वाटेल. मी बाईंना हेही विचारलं. त्या म्हणाल्या, "घरी रोज दहा मिनिटं मुलाला मोठ्यानं वाचू द्या आणि ऐका. अडलं की लगेच शब्द सांगू नका, मनात पाच मोजा. वाचून झालं की शुद्धलेखन विचारू नका, काय झालं गोष्टीत, ते विचारा. ज्यांना स्वतः वाचता येत नाही त्यांनाही हे करता येतं." पालकसभेला गेलात तर गुण किती, एवढंच विचारून उठू नका. माझं मूल आज काय वाचू शकतं आणि कुठं अडतं, हे विचारा. हा प्रश्न दहा पालकांनी विचारला तर शाळेत तो तास आपोआप राखला जाईल.

आमच्या घरात हा प्रयोग झाला. संध्याकाळी काम आटोपून भाऊ ओट्यावर बसायचा आणि नात त्याला वाचून दाखवायची. तो मान डोलवत ऐकायचा. मग विचारायचा, "फिर क्या हुआ?" ती सांगायची. सांगता आलं नाही की परत मागे जाऊन वाचायची. बाईंनी सांगितलेला अर्थाचा सराव, तो असा एका वाचता न येणाऱ्या आजोबानं करून घेतला. सहा महिने लागले. चमत्कार झाला नाही, पहिला नंबर आला नाही. पण चौथी संपताना ती एक गोष्ट वाचून स्वतःशीच हसली. तेव्हा मला कळलं, ती अर्थापर्यंत पोचली.

मागच्या नवरात्रात मी, भाऊ आणि ती असे स्टँडवर उभे होतो. नाशिकला जायचं होतं. गर्दीत एक गाडी लागली. भावानं सवयीनं पाटीकडे पाहिलं. मग नातीकडे. ती म्हणाली, "दादा, नांदुरी आहे. आपली नाही." भाऊ माझ्याकडे वळून म्हणाला, "भाई, मी अजून 'ना'वरच आहे बघ."

मी त्याला म्हटलं, तू पण शीक, आता घरात बाई आहे. तो हसला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. पण परवा त्यानं नातीची पहिलीची जुनी पुस्तकं रद्दीत द्यायची नाहीत, म्हणून बाजूला काढून ठेवली.